वाघ कुणाचा?

कोलोन, जर्मनी
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

प्रिय इरशाद,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच चुलीत घातलं नसशील, तर आधीच आभार मानून ठेवतो. अक्षर ओळखण्यात तुझा हात धरणारा पेंटर अख्ख्या गेवराई तालुक्यात नाही. फोनवर तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस, असं गावाकडून सुग्रीव सांगत होता. म्हणून टपाल. पोस्टमनला अडवायची सोय अजून कुणी काढलेली नाही.

मी ऑक्टोबरपासून कोलोनला आहे. लहानपणी उमापूरच्या बाजारात न्हावी दाढीनंतर गालाला जे झोंबणारं पाणी लावायचा, ते या गावच्या नावानं विकतात. इथल्या विद्यापीठात मार्चअखेरपर्यंत संस्कृत शिकवायचं आहे. वर्गात सात विद्यार्थी. त्यातले चार माझ्यापेक्षा बरं व्याकरण जाणतात आणि उरलेले तीन तसं दाखवत नाहीत, एवढाच फरक.

पत्र लिहायचं निमित्त असं की, आज भर जिन्यात माझा टाय कापला गेला.

इथं वर्षातून एकदा कार्निव्हल असतो. अख्खं शहर सोंगं घेऊन आठवडाभर रस्त्यावर. त्यातला आजचा दिवस बायकांचा. दिसेल त्या पुरुषाचा टाय त्यांनी कात्रीनं कापायचा आणि भरपाई म्हणून गालाचा मुका घ्यायचा, असा शिष्टाचार आहे. मला ठाऊक नव्हतं. माझी घरमालकीण फ्राउ एसर, वय वर्षं सत्त्याहत्तर, स्वयंपाकघरातली कात्री घेऊन जिन्याखाली दबा धरून बसली होती. टाय गेला. भरपाई मी दोन्ही हात जोडून नाकारली. तेव्हा ती म्हणाली की, गेली तीस वर्षं इतक्या अदबीनं तिला कुणी झिडकारलं नव्हतं.

टाय मरून रंगाचा. संस्थेच्या स्नेहसंमेलनासाठी अध्यक्षांनी सगळ्या शिक्षकांना सक्तीनं घ्यायला लावलेला. तू तो पाहिला आहेस. त्या दिवशी पोलीस ठाण्यात माझ्या गळ्यात तोच होता.

फ्राउ एसरनं कापलेला तुकडा खिळ्याला टांगला. सगळे हसले, मीही हसलो. मग खोलीत येऊन दार लावून घेतलं.

त्या दिवसाबद्दल मी तुला कधी एक अक्षरही लिहिलं नाही. अडीच वर्षं झाली. आज एवढंच लिहितो की, जे झालं ते अध्यक्षांच्या आग्रहामुळं झालं. तक्रार त्यांनी द्यायला लावली. मी तिथं नुसता हजर होतो.

हे वाक्य पुन्हा वाचून पाहिलं. व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात दोष नाही.

त्रिंबक


रविवार, १५ फेब्रुवारी
महाशिवरात्र

इरशाद,

गुरुवारचं पत्र टाकलं नाही. टेबलावरच आहे.

आज उपास. सगळ्या शहरानं बिअर आणि डुकराचे सॉसेज यांचा सपाटा लावलेला असताना मी खिडकीत बसून उकडलेले बटाटे खातोय. फ्राउ एसरला सांगितलं, आज आमच्या देवाचा दिवस. तिनं विचारलं, तुमचा देव नाचतो ना? म्हटलं, नाचतो. मग तुम्ही असे का बसलाय, म्हणाली. पाठशाळेत बारा वर्षं घालवली, पण हा प्रश्न कुणी परीक्षेत घातला नव्हता.

दुपारी सुग्रीवचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, कापूस, तेलगावच्या कारखान्याची ऊसतोड. मग म्हणाला, बीबीजानखालाचा पासपोर्ट आला. पावसाळा सरल्यावर मक्केला उमऱ्यासाठी जत्था जाणार आहे, त्यात तिचं नाव आहे. पण तुझा पासपोर्ट पोलीस पडताळणीत अडकलाय, आणि खाला म्हणते, लेकाबिगर मी विमानात पाय ठेवायची न्हाई.

कशानं अडकला, असं मी विचारलं. विचारायला नको होतं.

सुग्रीव म्हणाला, "त्याचं नाव ठाण्याच्या रजिस्टरात हाय ना, गुरुजी. जमादार म्हनला, ते मिटल्याबिगर चांगला शेरा देत न्हाई. आन् नाव कावून गेलतं तिथं, ते मी तुमाला काय सांगू?"

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. तिच्यामुळं मी आहे, हे गावात कुणीही सांगेल. माझ्याआधी आईची तीन मुलं गेली. चौथ्या वेळेला खालानं आईचा हात धरून तिला मोहरमात बसवलेल्या सवारीपुढं, पंज्यांपुढं, नेलं. रुक्मिणीबाई धर्माधिकारी, सोवळ्यातली बाई, अलमच्या निशाणापुढं पदर पसरून म्हणाली की, जगला तर लग्न होईपर्यंत दर साल तुझा वाघ करीन. मी जगलो. पाचव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत दर मोहरमाला तुझे अब्बा, आमचे चाचा, मला पालथ्या डब्यावर बसवून पिवळा रंग चढवायचे आणि तू काळे पट्टे ओढायला शिकायचास. तुझे पहिले पट्टे वाकडे होते. वाघ आहे का लुगडं, असं चाचांनी विचारलं होतं.

मास्तराची खोड म्हणून तुला पाठ असलेलाच नियम इथं पुन्हा लिहितो. रंग चढला की वाघ बोलत नाही. रॉकेलनं रंग उतरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. दारोदार विचारतात, "वाघ कुणाचा?" त्याचं उत्तर वाघाच्या कमरेची दोरी धरणारा देतो. पाणी मागायचं तरी दोरीवाल्यानं, भांडायचं तरी त्यानंच. माझी दोरी चाचांच्या हातात होती, मग तुझ्या हातात आली.

तो फोटो सत्त्याण्णवचा. माझा शेवटचा वाघ. अंग रंगलेलं, तोंड अजून कोरं, मी डब्यावर, तुझा ब्रश माझ्या खांद्यावर, आणि जानवं पिवळं होऊ नये म्हणून तू ते माझ्या उजव्या कानावर गुंडाळलेलं. दोघंही कशाला हसत होतो, ते आता आठवत नाही. अडीच वर्षांपूर्वी तू तो फोटो मोहरमाला व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवलास, खाली लिहिलंस, "हमारे वाघ, हमारे पंडत." तुझं त्यात काही चुकलं नाही.

तो फिरत फिरत अध्यक्षांपर्यंत गेला. नव्या पाठशाळेच्या प्राचार्यपदी माझं नाव जवळजवळ ठरलेलं. त्यांनी मोबाइल माझ्यापुढं धरला, बोटांनी जानवं मोठं करून दाखवलं आणि हसत विचारलं, हे काय आहे हो?

मी म्हणालो, हा मी नाही. कुणीतरी माझं तोंड जोडलंय.

फोटोतला वाघ कोण आणि तो कुणी रंगवला, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण गुरुजींची नोकरी जाईल म्हणून गावात कुणी तोंड उघडलं नाही.

गुरुवारच्या पत्रात एक दुरुस्ती आहे. तक्रार द्यायला अध्यक्षांनी सांगितलं, हे खरं. मजकूर मात्र मी लिहिला. "छायाचित्रात फेरफार करण्यात आला आहे." केला कुणी, ते वाक्यात नाही. असं वाक्य लिहायला मला पंधरा मिनिटं लागली आणि लिहून झाल्यावर मला ते आवडलं होतं.

त्रिंबक


सोमवार, १६ फेब्रुवारी

इरशाद,

आज मोठी मिरवणूक होती. पाय दुखतायत, आणि तोंडावर अजून रंग आहे.

तू म्हणशील, कसला रंग बे.

फ्राउ एसरनं सकाळी ट्रंक उघडली. सोंगाशिवाय रस्त्यावर गेलात तर लोक तुम्हाला आयकर खात्याचे समजतील, म्हणाली. ट्रंकेत जोकराची टोपी होती, शिपायाचा डगला होता, आणि तळाशी तिच्या कैलासवासी नवऱ्याचा वाघाचा पोशाख. पिवळा, काळ्या पट्ट्यांचा, शेपटीसकट. मी टोपीला हात घातला होता. तिनं वाघ काढून माझ्या अंगाला लावून पाहिला आणि म्हणाली, मापाचा आहे.

मग तिनं मला स्टुलावर बसवलं. लहान डबीतला पिवळा रंग बोटानं माझ्या कपाळावर लावला. बोट थंड होतं. मी डोळे मिटले. तुला खोटं वाटेल, पण त्यानंतर माझ्या तोंडातून शब्द फुटेना. ठरवून नाही. हनुवटी वर करा, म्हणाली, केली. चहा हवा का, तर नुसती मान हलवली.

मिरवणूक पाहण्यासारखी असते. माडीएवढे गाडे, त्यांवर पुढाऱ्यांचे कागदाचे पुतळे, आणि वरून गोळ्या-चॉकलेटांचा पाऊस. आजोबालोक छत्र्या उलट्या धरून गोळ्या झेलतात. ढोल असा, की मला दोनदा वाटलं, आता वळणावरून सवारी येणार. सगळे गात होते. माझा एक विद्यार्थी भेटला, त्यानं संस्कृतात कुशल विचारलं. मी त्यालाही उत्तर दिलं नाही. तो बिचारा विभक्ती चुकली असं समजून ओशाळला.

एका चौकात पोलिसांनी कठडे लावले होते. पिशव्या तपासत होते. माझ्या गळ्यात झोळी. तरुण पोलीस. त्यानं जर्मनमध्ये विचारलं, मग इंग्रजीत विचारलं, नाव काय, कुठले, पिशवीत काय. पिशवीत दोन बटाटे होते. मी उभा. त्यानं पुन्हा विचारलं. मागचे लोक पुढं वाकून बघू लागले. मला कळत होतं की बोलावं, आणि बोलता येत नव्हतं.

तेवढ्यात फ्राउ एसर गर्दीतून कोपर मारत आली, माझी शेपूट धरली आणि त्याला म्हणाली, "हा माझा आहे. काय विचारायचं ते मला विचार."

पोलीस हसला. आम्ही सुटलो. ती पुढं आणि मी शेपटीनं मागं, असे दोन गल्ल्या चाललो, आणि मग मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. तिला वाटलं, कालच्या उपासानं चक्कर आली.

ठाण्यातही असंच झालं होतं. हवालदारानं अर्ज वाचला, फोटो टेबलावर ठेवला आणि विचारलं, हा जोडलेला आहे का खरा आहे? विचारलं मला होतं. तू माझ्याकडं पाहिलंस. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. अधिक श्रावण चालू होता, एकादशीला लाल गोल केलेला. मी तो गोल बघत राहिलो, आणि तू म्हणालास, "जोडलेला हाय, साहेब. मीच जोडलाय. चुकी झाली."

तुला सही करायला लावली, संध्याकाळपर्यंत बाकावर बसवलं. तुझ्या बायकोनं, मुबश्शिरानं, डबा पाठवला तो तू उघडला नाहीस. संस्थेच्या सगळ्या शाळांचे फलक तू रंगवायचास, ते काम त्याच आठवड्यात गेलं. ठाण्याबाहेर लिंबाखाली मी तुझ्याजवळ आलो. आभार मानायला आलो होतो, इरशाद. आभार. तू चप्पल घालत होतास. वर न बघता म्हणालास,

"पंडत, रंग उतरून सव्वीस वर्सं झाली बे. आता तरी बोलायचंस."

ते तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य.

फ्राउ एसर आता दारावर टकटक करतेय. रंग काढायला तेल आणलंय म्हणते. ज्यानं चढवला त्यानंच उतरवायचा, हे तिला न सांगताच ठाऊक आहे.

त्रिंबक


बुधवार, १८ फेब्रुवारी

इरशाद,

उद्यापासून तुमचे रोजे. इथं आज कार्निव्हल संपला, आता यांचाही चाळीस दिवसांचा संयम. सकाळी रस्ते झाडून झाले आणि कालचे सगळे अस्वल-चाचे-राण्या कोट घालून मुकाट्यानं कामाला गेले.

काल संध्याकाळचं सांगतो, म्हणजे हा विषय संपेल.

इथं प्रत्येक दारूच्या दुकानावर आठवडाभर एक पेंढ्याचा माणूस टांगलेला असतो. अंगात जुना शर्ट, डोक्यावर टोपी. त्याचं नाव नुब्बेल. शेवटच्या दिवशी त्याला खाली उतरवतात आणि त्याच्यावर खटला चालवतात. आमच्या गल्लीत लेकरं असतात म्हणून दिवेलागणीलाच. एक जण खोट्या पाद्र्याच्या वेषात उभा राहून विचारतो, आपले पैसे कुणी उडवले? लोक ओरडतात, नुब्बेलनं. दुसऱ्याच्या बायकोचा मुका कुणी घेतला? नुब्बेलनं. सासूच्या वाढदिवसाला कोण गेलं नाही? नुब्बेल. मग त्याला पेटवतात. आठवडाभराची सगळ्यांची पापं त्याच्या नावावर जळतात आणि माणसं हलकी होऊन घरी जातात.

मीही ओरडत होतो. फार मजा आली. इतकी सोपी प्रायश्चित्तपद्धती आपल्या धर्मशास्त्रात कशी नाही, असा विचारही केला. दोन्ही हात वर करून ओरडत होतो, नुब्बेलनं, नुब्बेलनं.

मग टोपी पेटली. टोपीखाली त्यांनी चेहरा रंगवला होता, साधा, लेकराच्या हातचा. तो सावकाश काळा झाला. शेजारी फ्राउ एसर म्हणाली, बिचारा, त्याला कधी कुणी विचारलंच नाही.

इरशाद, अर्जात तुझं नाव नव्हतं असं मी रविवारी सुचवलं. ते शेवटच्या परिच्छेदात होतं. "संशयित" असा रकाना होता. अध्यक्ष म्हणाले होते, तो कोरा ठेवला तरी चालेल, चौकशी होईल. मी कोरा ठेवला नाही. चौकशी झाली असती तर गावात आली असती, आणि गावात कुणीतरी खरं बोललं असतं. म्हणून मी तिथं नाव लिहिलं. इरशाद जलालुद्दीन, पेंटर, उमापूर फाटा. मला पक्कं ठाऊक होतं की माझ्याबद्दल विचारलं तर तू काय म्हणशील. दोरी तुझ्या हातात आहे, हे ठाऊक होतं म्हणून तुझं नाव लिहिलं. दुसऱ्या कुणाचं लिहिलं असतं तर तो खरं बोलला असता.

हे तुला नवीन नाही. हवालदारानं अर्ज टेबलावर तुझ्या बाजूनं उलटा ठेवला होता, पण तू पेंटर आहेस, अक्षरं उलटीही वाचतोस. एका पाटीवर दोघं गिरवायला शिकलो. माझा "ण" तू झोपेत ओळखशील. तू अर्जाकडं पाहिलंस, मग माझ्याकडं. ओळखून, आणि तरीही, तू म्हणालास, मीच जोडलाय.

म्हणजे अडीच वर्षं मी तुझ्यापासून लपवत होतो ते तुला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. लपवणूक फक्त माझ्यापासून चालली होती.

त्रिंबक


शुक्रवार, २० फेब्रुवारी
फ्रँकफर्टहून परतीच्या गाडीत

इरशाद,

आधीची चारही पत्रं याच पाकिटात आहेत. तारखेनं लाव. काही फाडावंसं वाटलं होतं, विशेषतः पहिलं. ठेवलं. माणूस खोटं किती शुद्ध लिहू शकतो त्याचा नमुना म्हणून लेकीला, अदिबाला, वाचायला दे, तिला मराठीत फार मार्क पडायचे.

आज भारताच्या वकिलातीत गेलो होतो. प्रतिज्ञापत्र केलं. सोबत मूळ प्रत आहे, शिक्क्यासह. ती पडताळणीच्या जमादाराला दे. एक प्रत ठाण्याला आणि एक अध्यक्षांना मी रजिस्टरनं पाठवली आहे, म्हणजे ही तू दाबून ठेवलीस तरी उपयोग नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

मजकूर लहान आहे. छायाचित्र खरे आहे. त्यातला वाघ मी आहे. इरशाद जलालुद्दीन यांनी काहीही जोडलेले नाही. खोटे मी बोललो, तक्रार मी लिहिली, नाव मी घातले. ठाण्यात त्यांनी दिलेली कबुली खोटी आहे आणि ती माझी नोकरी वाचवण्यासाठी दिली.

या वेळी प्रत्येक वाक्याला कर्ता आहे. लिहायला पाच मिनिटं लागली. अडीच वर्षांपूर्वीही पाचच लागली असती.

खिडकीतल्या बाबूनं वाचलं, पुन्हा वाचलं. मग विचारलं, कुणाचा दबाव आहे का? म्हटलं, नाही. दबाव तेव्हाही नव्हता. त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि आपल्या कानामागं बोट लावून मला खूण केली. माझ्या कानामागं पिवळं राहिलं होतं. तिथला रंग आठ-आठ दिवस जात नाही, हे तुला मी सांगायला नको. शाळेत पोरं त्यावरूनच ओळखायची, वाघ कोण होता ते.

"कुठला रंग आहे हा?" त्यानं विचारलं.

सांगितलं. नवस, सवारी, दोरी, सगळं. मागं रांग होती, तरी सांगितलं.

एप्रिलमध्ये मी प्राचार्य असेन की नाही, ठाऊक नाही. नसेन तर चकलांब्याच्या पोरांच्या शिकवण्या घेईन. पोट भरेल. त्याबद्दल तू काही करायचं नाहीस, कुणाला भेटायचं नाहीस, रदबदली करायची नाहीस. हे मी पुन्हा सांगणार नाही. खालाला फक्त एवढं सांग की पासपोर्टचं काम होईल. का अडलं होतं, ते मी येऊन सांगेन. तिनं चप्पल काढली तरी मी वाकूनच उभा राहीन.

माफी मागायला मी हे लिहीत नाही. मागितली तर तू देशील, आणि पुन्हा एकदा माझ्या वतीनं तूच बोलल्यासारखं होईल.

जूनच्या अखेरीला सवारी बसेल. लग्न झाल्यावर वाघ होत नाहीत, हे ठाऊक आहे. तरी मी येईन आणि तुझ्या दुकानापुढं पालथ्या डब्यावर बसेन. बावन्न वर्षांचा, पोट सुटलेला वाघ. पिवळा रंग जास्त लागेल. ब्रश उचलायचा की मला डब्यासकट रस्त्यावर ठेवायचं, ते तू ठरव. उठवलंस तर उठून जाईन.

पण रंगवलंसच, तर दोरी धर आणि गप्प चाल. दारात कुणी विचारलं, वाघ कुणाचा, तर तू बोलू नकोस. नियम मोडेल. मोडू दे. या वेळी मी सांगेन.

त्रिंबक